चुरा आणि गाभा

आइसलँडच्या ईशान्येला क्राफ्ला नावाचा ज्वालामुखीचा प्रदेश आहे. २००९ साली तिथे ‘आइसलँड डीप ड्रिलिंग प्रोजेक्ट’ची पहिली विहीर खोदली जात होती. बेत चार किलोमीटरच्याही खाली जाण्याचा होता, पण सुमारे २,१०० मीटरवर पाइप पुन्हापुन्हा अडकू लागले आणि शेवटी वर आलेल्या चुऱ्यात काचेचे कण दिसले. ड्रिलिंगच्या थंड पाण्याने क्षणात गोठवलेला तो शिलारस होता, तोही रायोलाइट जातीचा. विहीर थेट शिलारसात शिरली आहे, हे त्या कणांनी सांगितलं.

असा चुरा तपासणं ही भूऔष्णिक विहिरीत खडकाचा नमुना मिळवण्याची सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत. फिरणारं बिट खडक फोडतं, विहिरीत सोडलेलं पाणी किंवा चिखल तो चुरा वर आणतो आणि थरथरत्या चाळणीवर तो अडतो. दर काही मीटरना मूठभर चुरा उचलायचा, धुवायचा, पिशवीवर खोली लिहायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पिस्त्यासारखा हिरवा एपिडोट दिसू लागला, की त्या खडकाने कधीतरी साधारण २४० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता अनुभवली आहे, असं समजतात. ‘कधीतरी’ हा शब्द महत्त्वाचा. आज तिथे किती तापमान आहे, ते खनिज सांगत नाही. त्यासाठी तापमापकच खाली सोडावा लागतो.

चुऱ्याचे दोष त्याच्या प्रवासात आहेत. खोल विहिरीतून वर यायला त्याला तासभरही लागू शकतो, म्हणून त्याची खोली हिशेबाने मागे न्यावी लागते. वाटेत वरच्या भिंतींतून ढासळलेला खडक त्यात मिसळतो, केसिंगचं, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराचं, सिमेंटही येतं. काही बिटं तर खडकाचं पीठच करतात. भेगेची दिशा, शिरांचा एकमेकींना छेद, खडकाची सच्छिद्रता यांतलं फारसं काही दाण्यात उरत नाही.

ते गाभ्यात उरतं. पोकळ बिटच्या हिरेजडित कडा खडक गोल कापत जातात आणि मधला दंडगोल नळीत शिरतो. बारीक व्यासाच्या विहिरीत ही नळी तारेने वर ओढून सलग गाभा, म्हणजेच कोअर, काढता येतो. उत्पादनासाठी खोदलेल्या रुंद विहिरीत मात्र बहुधा ठरावीक खोलीवर थांबून सगळे पाइप बाहेर काढावे लागतात, कोअर बॅरल जोडावा लागतो आणि काही मीटर कापून झाले, की पुन्हा तीच उठाठेव. रिगचं भाडं तासागणिक चढत असतं. म्हणून पैसा वाचवायची वेळ आली, की पहिली कात्री कोअरवर चालते.

ही बचत कुठे महागात पडू शकते, ते याच आइसलँडच्या प्रकल्पाच्या रेक्यानेस इथल्या दुसऱ्या विहिरीने दाखवलं. २०१६ मध्ये २.५ किलोमीटरची जुनी विहीर आणखी खोल न्यायला सुरुवात झाली. तीन किलोमीटरच्या जरा खाली गेल्यावर विहिरीत सोडलेलं सगळं पाणी भेगांत गडप होऊ लागलं. सिमेंट भरूनही ते थांबेना. पाणी परत येत नाही म्हणजे चुराही येत नाही. २५ जानेवारी २०१७ ला विहीर ४,६५९ मीटरवर पोहोचली, तेव्हा खालच्या दीड किलोमीटरचा हाती लागणारा पुरावा म्हणजे तेरा प्रयत्नांत मिळालेला २७.३ मीटर कोअर. तळाशी ४२६ अंश तापमान आणि ३४० बार दाब मोजला गेला. तिथला खडक कसा बदलला, कोणती खनिजं वाढली, शिरा कशा गेल्या, हे त्या तुकड्यांवरूनच वाचता आलं.

यातली अडचण नीट समजून घ्यायला हवी. वाफ हवी असेल तर भेगा हव्यात, आणि नेमक्या भेगाच चुरा गिळतात. विहिरीचा जो भाग सर्वांत मोलाचा, त्याचाच नमुना चाळणीवर येत नाही. म्हणून ‘चुरा की गाभा’ हा वाद मला फोल वाटतो. क्राफ्लाचा शिलारस चुऱ्याने ओळखला. रेक्यानेसचा तळ गाभ्याने.

आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या विहिरींतून कोअर काढले गेले. बेसाल्टखालचा ग्रॅनाइट आणि नाइस त्यांतून हाताशी आला. उद्या गणेशपुरी ते राजापूर या कोकणातल्या उष्ण झऱ्यांच्या पट्ट्यात वाफेसाठी खोल विहीर घ्यायची ठरली, तर पाणी हरवण्याआधी आणि नंतर निदान काही मीटर कोअर काढण्याची अट निविदेतच लिहावी. रिग उभी राहिल्यावर त्यासाठी पैसे मागणं फार उशिराचं ठरतं.