कोरोना ट्रीटर: फिल्मला शाई धरायला लावणारं यंत्र

पीएलए या जैवप्लास्टिकच्या फिल्मवर डाइन पेनने, म्हणजे पृष्ठभाग शाई कितपत धरेल हे ‘डाइन’च्या आकड्यात तपासणाऱ्या पेनने, रेघ ओढायची आणि दोन सेकंद थांबायचं. रेघ तशीच राहिली तर शाई धरेल. ती आकसून थेंब थेंब झाली, तर रोल छपाईला चढवण्यात अर्थ नाही; अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी शाई नुसती वर राहील. साध्या पॉलिथिनचा पृष्ठभाग जेमतेम ३१ डाइनचा. मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए साधारण ३८ ते ४० डाइनचं. सुरुवात बरी आहे, पण पाण्यावर आधारित शाईला एवढं पुरत नाही.

उरलेलं काम कोरोना ट्रीटर करतो. हे तंत्र १९५१ साली डेन्मार्कच्या व्हेर्नर आयस्बी यांनी विकसित केलं, कारण प्लास्टिकवर छपाई टिकत नव्हती. फिरत्या रोलरवरून फिल्म धावते. तिच्यापासून एक-दोन मिलिमीटरवर इलेक्ट्रोड असतो, त्यात उच्च दाबाची वीज. मधल्या फटीत जांभळी आभा दिसते आणि ओझोनचा उग्र वास सुटतो. तो बाहेर खेचून घेणारा पंखा चालू असलाच पाहिजे. त्या फटीत हवेतला ऑक्सिजन फिल्मच्या रेणूंना जोडला जातो, आणि शाईला पकड मिळते. बदल होतो तो काही नॅनोमीटर खोलीपर्यंतच. २५ मायक्रॉनच्या फिल्मचा बाकी सगळा देह जसाच्या तसा राहतो, औद्योगिक कंपोस्टमध्ये विघटन होण्याचा तिचा गुणही शाबूत राहतो. मला या यंत्राचं खरं मोल इथेच वाटतं.

मात्रा मात्र जपून द्यावी लागते. एक मीटर रुंदीची फिल्म मिनिटाला १०० मीटर धावत असेल आणि २ किलोवॉट वीज दिली, तर प्रत्येक चौरस मीटरला २० वॉट-मिनिटं मिळतात. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे रोलर थंड हवा. मात्रा वाढली की वरच्या रेणूसाखळ्या तुटून कमकुवत थर साचतो. डाइन पेन तेव्हाही झकास आकडा दाखवतं. शाई मात्र त्या सुट्या थरालाच धरते आणि सेलोटेप लावून ओढली की थरासकट उचलून येते. म्हणून नुसत्या पेनवर विसंबू नये, टेपची चाचणीही घ्यावी.

ही काळजी आता आपल्याकडेही घ्यावी लागेल असं दिसतं. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीज या कंपनीच्या बायोपॉलिमर प्रात्यक्षिक केंद्राचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. तिथे पीएलए बनवण्याचं तंत्र दाखवलं जातं. ऊसपट्ट्याच्या इतक्या जवळ हा कच्चा माल तयार होऊ लागला, तर आपल्या छपाईवाल्यांनाही ही फिल्म हाताळायला शिकावं लागेल.

त्यात साठवणुकीचा प्रश्न मोठा. ट्रीट केलेला रोल गोदामात पडून राहिला की पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट हळूहळू आत वळतात आणि डाइनचा आकडा उतरतो. उकाड्यात हे आणखी लवकर होतं. त्यामुळे फिल्म बनताना एकदा ट्रीट केली, तरी छपाई यंत्राच्या तोंडाशी दुसरा छोटा ट्रीटर बसवतात आणि शाई लागण्याच्या काही क्षण आधी फिल्मला हलका हात देतात.