फुप्फुसरक्षक वनौषधी : परंपरा आणि प्रमाण

तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी व पाश्चात्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यांत संकलित होत. आज तंजावरजवळील शास्त्र विद्यापीठात भारतीय वैद्यक पद्धतींच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र आहे.

कावेरीच्या भातपट्ट्यात खोकला व दम्यासाठी अडुळसा आणि तूदुवळै ही काटेरी वेल वापरली जाते. महाराष्ट्रातही अडुळसा घरोघरी परिचित आहे. त्यातील व्हॅसिसिन या घटकाच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध विकसित झाले. मात्र खोकल्यावर गुण येणे वेगळे आणि धूर, भाताच्या तुसाची धूळ किंवा फवारणीच्या विषापासून फुप्फुसांचे रक्षण होणे वेगळे. २.५ मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व तेथे दाह उत्पन्न करतात. हा दाह वनस्पतीमुळे रोखला जातो का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

चाचणीचे टप्पे

पहिला टप्पा वनस्पतीच्या ओळखीचा. अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पाने मिसळली गेल्यास पुढील सर्व निष्कर्ष निरर्थक ठरतात. त्यानंतर क्रियाशील घटकाचे प्रमाण, कीडनाशकांचे अवशेष व जड धातू मोजले जातात. आयुर्वेदीय औषधिकोशानुसार शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग, तर कॅडमियमची ०.३ भाग आहे. रहदारीच्या रस्त्याकडेची पाने म्हणूनच गोळा करू नयेत.

दुसऱ्या टप्प्यात अर्काचा परिणाम फुप्फुसाच्या पेशींवर, तिसऱ्यात नैतिक समितीच्या संमतीने प्राण्यांवर पाहतात. प्रदूषक दिलेला गट आणि प्रदूषकासह अर्क दिलेला गट यांची तुलना होते. अखेरीस मानवी चाचणी होते. तिची भारतात २००९ पासून सक्तीची पूर्वनोंदणी असते आणि श्वसनक्षमता यंत्राने मोजली जाते.

शेवटचा टप्पा का वगळता येत नाही, हे पॅराक्वाट या तणनाशकावरून कळते. ते फुप्फुसांत साठून ऑक्सिडीकारक इजा करते. प्राण्यांवरील प्रयोगांत अनेक ऑक्सिडीकरणरोधक पदार्थांनी आशा दाखविली. तरीही माणसासाठी सिद्ध झालेला उतारा आजही उपलब्ध नाही.

शेतकऱ्यांसाठी अर्थ

काढा घेतला म्हणून फवारणी सुरक्षित होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. योग्य मुखपट्टी, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि बाधा होताच विनाविलंब रुग्णालय, हाच मार्ग विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावा. अडुळशामुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. गर्भवतींनी तो वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

औषधी वनस्पती उत्पादकांनी लागवड साहित्याची खात्रीशीर ओळख, काढणीची तारीख, प्लॉट क्रमांक व वापरलेल्या निविष्ठा यांची नोंद ठेवावी. प्रयोगशाळेतील चाचणीची विश्वासार्हता अखेर शेतातील या नोंदींवरच उभी असते.