गिरणीमालकाचा मुलगा आणि बॉवरीची माणसे

ज्याचा पैसा त्याची कथा, हा चित्रपटधंद्याचा नियम आहे. मग ज्यांच्याजवळ पैसाच नाही, त्यांची कथा सांगावी कोणी? अमेरिकेच्या लायोनेल रोगोसिनने हा प्रश्न पदरमोड करून सोडवू पाहिला.

त्याचा जन्म १९२४ चा, न्यूयॉर्कचा. बाप कापडधंद्यातला बडा कारखानदार. म्हणजे मुलाच्या खिशातल्या पैशाला कामगारांच्या घामाचाच वास होता, हे आम्ही विसरत नाही. पण १९५४ च्या सुमारास त्याने धंदा सोडला. वर्णद्वेषावर चित्रपट काढायचा होता. त्याआधी हात बसावा म्हणून त्याने बॉवरी हा रस्ता निवडला. बेकार, बेघर आणि दारूत बुडालेल्या माणसांचा हा रस्ता. तेथे तो कित्येक महिने कॅमेऱ्यावाचून नुसता वावरला. युनियन बांधणाऱ्याला ही रीत ठाऊक आहे : आधी चाळीत बसावे, मग सभा घ्यावी.

'ऑन द बॉवरी'त नट नाहीत. तेथलीच माणसे आहेत. रे सॅलियर हा रेल्वेवरचे काम संपवून येतो. गॉर्मन हेंड्रिक्स हा म्हातारा त्याची बॅग लांबवतो, आणि शेवटी त्याच पैशांतले थोडे उपकार केल्यासारखे त्याला देतो. गरिबाला येथे देव केलेले नाही, म्हणूनच तो खरा वाटतो. पुन्हा प्यालास तर मरशील, असे डॉक्टरांनी हेंड्रिक्सला बजावले होते. चित्रीकरण होईतो त्याने स्वतःला आवरले. काम संपले, आणि चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच तो गेला. काम माणसाला कसे धरून ठेवते, हे याहून स्पष्ट काय सांगावे? १९५६ साली व्हेनिसला या चित्रपटाला बक्षीस मिळाले.

पुढे जोहान्सबर्गला, संगीतपट काढतो अशी बतावणी करून, त्याने 'कम बॅक, आफ्रिका' (१९५९) चोरून चित्रित केला. गायिका मिरियम माकेबा त्यातूनच जगापुढे आली. चित्रपट दाखवायला कोणी पुढे येईना, तेव्हा १९६० साली त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचेच थिएटर उघडले.

१९७३ साली दक्षिणेतल्या काळ्या-गोऱ्या लाकूडतोड्यांच्या संघटनेवर त्याने चित्रपट केला. पण १९७४ नंतर पैसा जमेना आणि काम थांबले. २००० साली तो वारला.

एकट्याचा खिसा, कितीही उदार असला तरी, एक दिवस रिकामा होतो. आपली कथा टिकवायची, तर वर्गणी आपणच काढली पाहिजे.