जामबागेतले ‘कायकू’

जामबाग म्हटले की हैदराबादच्या मराठी कुटुंबांना विवेकवर्धिनी शाळा आठवते आणि इतर शहराला फुले. मला मात्र आठवते ती एका फूलवाल्याची आणि आमच्या आत्याबाईंची, परभणीत जन्मून सारा संसार हैदराबादेत केलेल्या त्या गृहिणीची, श्रावणातली हुज्जत. गजरा महागला कसा, या पृच्छेवर हातातला दोरा न थांबवता तो उत्तरला, ‘कायकू बोले तो अम्मा, बारिश में माल नै आया.’ आत्याबाईंनीही त्याच बोलीत सुनावले, ‘माल नै आया बोलके दुगना लेते क्या?’

आता या ‘कायकू’चे मस्तक मराठी ‘काय’सारखे आणि शेपूट हिंदीच्या ‘को’चे, आणि ‘कायकू बोले तो’ म्हणजे अक्षरशः आपले ‘का म्हणाल तर’. शेजारची तेलुगू माळीण ‘एंदुकंटे’ म्हणते, त्याचीही फोड हीच. कारण सांगू इच्छिणारा मनुष्य प्रथम ऐकणाऱ्याच्या तोंडी प्रश्न घालतो आणि मग, जणू विचारले गेले म्हणूनच, उत्तर देतो.

‘बोलके’ची कथा याहून रंजक आहे. 1918 साली उर्दू माध्यमाने सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरातील शुद्ध उर्दूच्या उपासकास हा प्रयोग ग्राम्य वाटावा यात नवल नाही. परंतु आपले सोज्ज्वळ ‘म्हणून’ तरी ‘म्हणणे’ या क्रियापदाच्याच पोटचे नव्हे काय? ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ या वाक्यात पाऊस बिचारा अवाक्षर बोलत नाही, तरी म्हणण्याचा आळ त्याच्यावर येतोच. तेलुगूतील ‘अनि’ची व्युत्पत्तीही हीच.

कारण सांगणाऱ्या दुसऱ्या एका शब्दाचे, अरबीतून फारसी दप्तरांवाटे आलेल्या ‘सबब’चे, नशीब मात्र फिरले. निकालपत्रात ‘सबब, दावा नामंजूर’ असे लिहिले की तो शब्द न्यायासनाच्या पायरीवर ताठ उभा राहतो, आणि घरी ‘सबबी सांगू नकोस’ म्हटले की तोच लबाडाचा साथीदार ठरतो. माझ्या मते ही अवनती बरीचशी अर्जदारांनीच ओढवून घेतली.

फूलवाल्याने अखेर भाव उतरवला नाही. पण गजरा तोडताना वीतभर माळ जादा दिली. आत्याबाईंनी ‘कायकू?’ म्हणून विचारले, तेव्हा तो खाली पाहतच म्हणाला, ‘ऐसेइच.’ त्यातला ‘च’ आपला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आत्याबाईंनी पदराखाली माळ सारत ते सांगितलेही नाही.