पाठ असलं तरी पान उघड

सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झालेला निफाड-दिंडोरीकडचा मुलगा ओझरला ‘एचएएल’च्या विमान कारखान्यात अप्रेंटिस लागला, की घरी पेढे वाटतात. त्याच्याजवळ एक पुस्तक असतं : चेन्नईच्या ‘निमी’ संस्थेचं ट्रेड थिअरी, आता मराठीतही मिळणारं. कानस कशी धरायची, व्हर्नियर कसा वाचायचा, आटे कसे पाडायचे. रुक्ष पुस्तक आहे, पण हात त्यावरच तयार होतो.

विमानासाठी मात्र पुढची पुस्तकं लागतात. डीजीसीएच्या विमान-देखभाल परवान्याची तयारी करणारे बहुतेक जण आधी प्रश्नसंच विकत घेतात. परीक्षा त्याने निघते, नाही असं नाही. पण मला विचाराल तर पहिला मान अमेरिकेच्या ‘एफएए’च्या तीन हँडबुकांना : सामान्य, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट. फुकट मिळतात, चित्रं उत्तम, आणि रिव्हेटचं डोकं असं का, तसं का, हे समजावून सांगतात. अडचण एवढीच की मापं इंच-पौंडांत. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ बांधायला उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० आली. तिथला कारभार मिलिमीटरचा, आणि मूळ कागद रशियन.

पण यातलं कुठलंही पुस्तक हाताशी धरून विमानाचा बोल्ट आवळायचा नसतो. त्यासाठी त्या विमानाचं मॅन्युअल आणि सुट्या भागांचा कॅटलॉग. शाळेत पाठांतराला शाबासकी मिळालेल्या मुलाला हे पचायला वेळ लागतो. काम शंभरदा केलेलं असलं तरी पान उघडायचं, आणि आधी त्याची रिव्हिजन व तारीख बघायची. जुनं पान म्हणजे चुकीचं पान.

१० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७ हजार फुटांवर उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर लोंबकळला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. आदल्याच दिवशी पहाटे काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले. फरक पाऊण मिलिमीटरही नव्हता. काम करणारा अनुभवी माणूस होता. त्याने कॅटलॉग उघडला नाही, जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोड जुळवली. आणि काढलेले जुने बोल्टही बहुतेक चुकीचेच होते. ही गोष्ट वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगावी, टॉर्कच्या तक्त्याच्याही आधी.

हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त केलं. बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मिगचे तक्ते ज्यांना झोपेतही आठवतात, असे फिटर नाशकात अजून पुष्कळ भेटतील. तेजसच्या हँगरमध्ये त्यांनाही अप्रेंटिसच्या शेजारी उभं राहून मॅन्युअलचं पहिलं पान उघडावं लागेल.