चौकट : नाशिकचा कारभारी कोण?

नाशिक महापालिकेत १२२ नगरसेवक आणि ३१ प्रभाग आहेत. त्यांपैकी २९ प्रभागांत चार-चार, तर दोन प्रभागांत तीन-तीन जागा आहेत. म्हणजे बहुतेक नाशिककरांना एक नव्हे, चार मते द्यायची असतात. प्रत्येक जागेसाठी ‘नोटा’चा पर्याय असतो. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तर लोकसभा-विधानसभेच्या भारत निवडणूक आयोग. मतदानाला १८ वर्षे पूर्ण हवीत, नगरसेवकपदाच्या उमेदवारीला २१.

महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी. तो शहराचा प्रथम नागरिक आणि महासभेचा अध्यक्ष. पण अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. न्यूयॉर्कचे मतदार महापौर थेट निवडतात आणि शहराचे प्रशासन त्याच्या हाताखाली चालते. आपल्याकडे रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल महापौरांना जाब विचारताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा. खर्चाच्या मंजुरीसाठी १६ सदस्यांची स्थायी समिती असते, आणि खरे वजन बहुधा तिथेच असते.

२०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची होती. लोकप्रतिनिधींविना शहर इतका काळ चालवणे नागरी स्वराज्य संस्थांविषयीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीच्या हेतूशी विसंगतच होते.

आपला प्रभाग क्रमांक आणि आपले नगरसेवक कोण, हे आजच माहीत करून घ्या.