मास्टर भगवान : गिरणी कामगाराच्या मुलाचा नाच

विनोदी नटावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला, ह्याचे आपणांस नवल वाटले असेल. मला शाळा फारशी लाभली नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर. परंतु आज ज्या नटाविषयी मी सांगणार आहे तो गिरणी कामगाराचा मुलगा होता, आणि त्याचा जन्म आपल्या चांदूरहून तासाभराच्या वाटेवर, अमरावतीस झाला होता. मग मी बोलू नये तर कोणी?

भगवान आबाजी पालव हे त्यांचे नाव. जन्म 1 ऑगस्ट 1913. वडील मुंबईस कापडगिरणीत कामाला. वऱ्हाडचा कापूस ज्या रेल्वेने मुंबईच्या गिरण्यांकडे जात असे, त्याच रेल्वेने वऱ्हाडची माणसेही पोटासाठी जात. भगवान दादर-परळच्या वस्तीत वाढले, मजुरी केली, तालमीत शरीर कमावले आणि मूकपटांच्या काळातच पडद्यावर आले. 1938 साली त्यांनी चंद्रराव कदम ह्यांच्या जोडीने ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला.

त्यानंतरची दहाबारा वर्षे त्यांनी स्टंटपट काढले. हा प्रकार आज नव्या पिढीस समजावून सांगावा लागतो. थोडे भांडवल, थोडे दिवस, भरपूर मारामारी आणि मधेमधे विनोद. नायकाने माडीवरून उडी मारावयाची तर ती स्वतःच मारावयाची. भगवान नट, दिग्दर्शक आणि पुढे निर्मातेही होते. मंडळींच्या जेवणाची व्यवस्थासुद्धा तेच पाहत, असे सांगतात. प्रतिष्ठित टीकाकार ह्या चित्रपटांकडे फिरकत नसत. त्यांचा प्रेक्षक म्हणजे पाळी सुटल्यावर स्वस्त तिकिटात पुढच्या बाकांवर बसणारा कामगार. दिवसभर ज्याचे अंग यंत्राच्या तालावर चालले, त्याला दुसऱ्याचे अंग मोकळे सुटलेले पाहावयास आवडे. माझे मत विचाराल तर भगवान ह्यांच्या विनोदाचे मर्म इथेच आहे.

अंगाच्या विनोदाला भाषेचे कुंपण नसते. 1941 साली ह्या मराठी माणसाने ‘वनमोहिनी’ नावाचा चक्क तमिळ बोलपट दिग्दर्शित केला, आणि त्याचे संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, दिले. दोघांची मैत्री पुढे फार मोठे फळ देणार होती. पंधरा वर्षांनंतर मद्रासच्याच ए.व्ही.एम. संस्थेच्या ‘चोरी चोरी’त भगवान लहानशा विनोदी भूमिकेत दिसले, तेव्हा मात्र दिवस पालटू लागले होते.

मधला एक प्रसंग टाळता येत नाही. एका चित्रीकरणात भगवान ह्यांना ललिता पवारांना थप्पड मारावयाची होती. ती चुकून फार जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला, दीर्घ उपचार करावे लागले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेची कामे गेली; पुढे त्याच बारीक डोळ्याने त्यांनी खाष्ट सासू अजरामर केली. ही हकीकत लोक नशिबाचा खेळ म्हणून सांगतात. मी तिला कामावरचा अपघात म्हणतो. यंत्रात बोट गेले तर भरपाईचा कायदा ह्या देशात 1923 पासून आहे. परंतु पडद्यावरचे काम हे काम आहे, हेच मुळी पुष्कळ वर्षे कोणी मानले नाही.

1942 साली भगवान निर्माते झाले आणि 1947 साली चेंबूरला त्यांनी ‘जागृती’ स्टुडिओ उभारला. सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूरनी दिला म्हणतात. त्यातून 1951 चा ‘अलबेला’ निघाला. कथा साधी. गरीब घरातला प्यारेलाल नोकरी गमावतो, बहिणीच्या लग्नास द्यावयाची रक्कम आणू शकत नाही, घराबाहेर पडतो आणि रंगभूमीवर नाव काढतो. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी हा प्रसंग घडला असेल! समोर गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचे, आणि भगवान ह्यांच्यासाठी गाणारा आवाजही ‘चितळकर’ ह्या नावाने त्यांचाच. साथीला विलायती वाद्ये.

आणि नाच! देह स्थूल, उंची बेताची, तोंड भाबडे. नाचाचे शिक्षण घेतलेला पाय त्यात कुठेच दिसत नाही. हात किंचित उचलायचे, कंबर हलकेच झुलवायची, पाय फार दूर टाकायचा नाही. उस्ताद नर्तकाचा नाच पाहून आपण थक्क होतो, पण घरी जाऊन तो करीत नाही. भगवान ह्यांचा नाच मात्र थिएटरच्या दारातच अंगात येई. म्हणूनच तो लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत शिरला तो शिरलाच. पुढे अमिताभ बच्चन ह्यांच्यासारख्या उंचापुऱ्या नटानेही तो उचलला.

त्या वर्षी जे चित्रपट सर्वांत अधिक चालले त्यांत ‘अलबेला’ होता. जुहूस बंगला आला, मोटारी आल्या. ‘झमेला’ (1953) व ‘लाबेला’ (1966) ह्यांनी तसे यश दिले नाही. ‘हँसते रहना’ अपुराच राहिला आणि त्यात होते ते गेले. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. मिळतील ती किरकोळ कामे करीत भगवान दादरच्या चाळीतल्या खोलीत राहिले.

‘उधळ्या होता’ असा शेरा ह्यावर सहज मारला जातो. हिशेबी ते नव्हते, हे मला मान्य आहे. परंतु शेरा मारणाऱ्यांस माझा एक प्रश्न आहे. गिरणीतल्या जॉबरला म्हातारपणी निदान प्रॉव्हिडंट फंड मिळे. अनेक वर्षे अंग झिजवणाऱ्या नटाला काय होते? चित्रपट कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला तो 1981 साली. निदान तीन कथापटांत काम केलेल्यास त्याने प्रॉव्हिडंट फंड लागू केला. त्या वर्षी भगवान अडुसष्ट वर्षांचे होते.

4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरलाच त्यांचे निधन झाले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर थांबे, बँड त्यांचेच गाणे वाजवी आणि म्हातारे भगवान दारात येऊन दोन पावले टाकीत, असे तिकडचे लोक सांगतात. 2016 साली त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, मंगेश देसाई त्यात भगवान झाले. मी आमच्या युनियनमधल्या एका निवृत्त फिटरला घेऊन तो पाहिला. गुडघ्याच्या दुखण्याने जिने चढवत नाहीत म्हणून तो वाटेत कुरकुरत होता. गाणे लागले तेव्हा मी खाली पाहिले, तर अंधारात त्याची चप्पल ताल धरत होती.